माहेरचे एकशे बारा ग्रॅम

मेघाने तक्त्यातला एक रकाना गाळून टाकला होता, आणि तो इतका बिनकामाचा वाटला होता की आपण काही गाळलंय हेही ती विसरून गेली होती.

जळगावला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्राची मुलं प्रकल्प म्हणून काय काय करतात ते सांगण्यात अर्थ नाही. कोणी क्रिकेटच्या धावा घेतो, कोणी शेअर बाजार. मेघा आणि तिची जोडीदारीण हर्षिता यांनी मात्र खरं काम अंगावर घेतलं होतं. पारोळ्याकडच्या एका दवाखान्यातून दोन वर्षांच्या सहाशे चौऱ्याऐंशी बाळंतपणांची माहिती त्यांनी नावं वगळून मिळवली होती आणि नवजात बाळाचं वजन कशाकशावर ठरतं याचा माग काढायला बसल्या होत्या. मेघा मूळची पारोळा तालुक्यातलीच, कापसाच्या घरातली. हर्षिता जळगावच्या दाणाबाजारातल्या जैन व्यापाऱ्याची मुलगी. एकीला अहिराणी यायची, दुसरीला आकड्यांवर संशय घ्यायला यायचं, त्यामुळे जोडी बरी जमली होती.

मल्टिपल रिग्रेशन हे नाव ऐकूनच माणसं उठून जातात, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचं वजन एका गोष्टीने थोडंच ठरतं? आईची उंची, तिचं वजन, अंगातलं रक्त, वय, दिवस किती भरले, अशा दहा गोष्टी त्याला ओढत असतात. त्या सगळ्यांना एकाच समीकरणात आणून बसवायचं आणि एकेकीला विचारायचं, की बाई, बाकीच्या सगळ्या जागच्या जागी राहिल्या आणि तू एकटीच हललीस, तर बाळ किती ग्रॅमने हलेल? प्रत्येक गोष्ट आपला आकडा सांगते. काम एवढंच. तो आकडा वाचणं मात्र काम नव्हे, ती कसोटी असते, आणि मेघा तिथेच घसरली होती.

घसरताना ती खूप आनंदात होती. रविवारी पहिल्यांदा निकाल आला तेव्हा उंचीचा, रक्ताचा, भरलेल्या दिवसांचा, सगळे आकडे शहाण्यासारखे आले आणि एकच आकडा वाकडा आला. शेवटचे दोन महिने माहेरी काढलेल्या बायकांची बाळं सासरी राहिलेल्यांपेक्षा छप्पन्न ग्रॅमने हलकी. माहेर, आणि उणे! नवं काही सापडल्याच्या भरात तिने ताबडतोब घरी फोन लावला. झुंबरबाईने, म्हणजे तिच्या आईने, तो शेतात उचलला आणि वेचणाऱ्या आठ बायकांना ऐकू जाईल असा स्पीकर लावला. पोरीने विद्यापीठात बसून सासरची बाजू घेतली याचं झुंबरबाईला कोण कौतुक वाटलं.

बुधवारी सकाळी हर्षिता सादरीकरणाची पानं तपासत होती. तिचं बोट एका जागी थांबलं.

"मूळ यादीत 'कितवं बाळ' असा रकाना होता ना? तो कुठे गेला?"

"गाळला," मेघा म्हणाली. "माहेर आणि पहिलं बाळंतपण एकच की. दोन रकाने तीच गोष्ट सांगत असले तर दोन्ही घालू नयेत, एकमेकांच्या पायात पाय घालतात. सरांनीच शिकवलंय."

"एकच कसं?"

"अगं, पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. हे काय सांगायला पाहिजे?"

"माझी धनकुंवर भाभी दोन्ही वेळा पीहरला, म्हणजे माहेरीच, गेली होती."

"ते तुमच्यात."

"आणि या यादीत आमच्यातलं कोणी नाही, असं तुला कोणी सांगितलं? नावं तर आपल्याकडे नाहीतच," हर्षिता म्हणाली. ती काही वाद घालत नव्हती, नुसती विचारत होती, आणि हर्षिताचं हेच वाईट होतं.

मेघाने चिडूनच मूळ यादी उघडली. चार खाने पाडले आणि मोजायला लागली. पहिलटकरणी माहेरी दोनशे चौऱ्याहत्तर. ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या सासरी तीनशे सदतीस. तेही ठीक. पण पहिलटकरीण असून सासरीच राहिलेल्या छत्तीस निघाल्या. आणि दुसऱ्या वेळीही माहेरी गेलेल्या सदतीस. त्र्याहत्तर बाया. लहानपणापासून जी गोष्ट सूर्य उगवतो तशी गृहीत धरली होती, ती या त्र्याहत्तर जणींनी मानली नव्हती. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असेल, कोणाचा भाऊ हट्टी असेल. कारण काहीही असो, त्या होत्या, आणि मेघाने त्यांना एका फटक्यात नाहीसं केलं होतं.

"घाल तो रकाना," हर्षिता म्हणाली.

मेघाने घातला आणि कळ दाबली. दोन सेकंदांत नवा तक्ता आला आणि तिला आपले डोळे फिरल्यासारखं वाटलं. माहेरच्या पुढचं उण्याचं चिन्ह गेलं होतं. तिथे एकशे बारा होते. अधिक एकशे बारा.

"चुकलं काहीतरी," ती म्हणाली आणि पुन्हा चालवलं. एकशे बारा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवलं. एकशे बारा. हर्षिताने तोवर वहीत चारही खान्यांच्या सरासऱ्या काढल्या होत्या. पहिलं बाळ पहिल्याशी लावलं तर माहेरचं जड. दुसरं दुसऱ्याशी लावलं तरी माहेरचंच जड. आणि सगळी एकत्र कालवली की माहेरचं हलकं!

मेघा इतक्या जोरात उठली की खुर्ची मागच्या मागे पडली. तिला सगळं एकदम दिसलं. पहिलं बाळ मुळातच हलकं असतं, त्यांच्या तक्त्यात चांगलं सव्वादोनशेच्या आसपास. माहेरी येतात त्या बहुतेक पहिलटकरणी. म्हणजे पहिलेपणाचा सगळा दोष बिचाऱ्या माहेराच्या माथी आला होता. माहेर वजन भरत होतं आणि बदनामही तेच होत होतं. तिने हर्षिताला गदागदा हलवलं. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली गोष्ट, की एक रकाना सुटला तर दुसऱ्याचं चिन्हच उलटतं, ती आज तिच्या हाताखाली, तिच्याच तालुक्यातल्या बायांच्या माहितीत जिवंत झाली होती. त्या खोलीतल्या दोघींएवढं खूश त्या क्षणी अख्ख्या जळगावात कोणी नसेल.

"हळू," हर्षिता म्हणाली, पण तीही हसत होती. "मर्यादा बघ. खरा आकडा एकोणतीसपासून एकशे पंच्याण्णवपर्यंत कुठेही असू शकतो. आणि माहेरामुळेच झालं असं हा आकडा म्हणत नाही. जिला दुसऱ्यांदाही न्यायला येतात, तिचं घरच वेगळं असेल."

"मान्य," मेघा म्हणाली. "सगळं मान्य. पण उणे नाही ना?"

"उणे नाही."

मेघाने लगेच घरी फोन लावला. उचलला तो दिपमालाने, तिच्या वहिनीने. दिपमालाला दुसऱ्या वेळचा सातवा सरून आठवा लागला होता.

"वहिनी, माय कोठे शे?"

"वावरमा. कापूस येचाले गयात," दिपमाला म्हणाली. आवाज बसल्यासारखा होता.

"काय व्हयनं?"

मग तिने हळूहळू सांगितलं. "सोमवारले पारोळाले सोनोग्राफी करी. डॉक्टर म्हने, बाळ बारीक शे, आराम करा, चांगलं खा. मी माहेरले, धुळाले फोन करा. काल योगेंद्रभाऊ गाडी लई ऊना, माले न्याले. आत्याबाईनी त्याले चहा पाजा आनि परत धाडी दिधा."

"मायनी? कसाले?"

"त्यासनी तुम्हनं नाव सांगं, ताई. म्हन्यात, आमनी मेघानी हिशोब काढेल शे, माहेरले बाळ छप्पन्न ग्रॅम हलकं व्हस. भाऊ काय बोली?"

मेघाच्या हातातला फोन कानालाच राहिला. दुसऱ्या खेपेला भाऊ न्यायला येतो हीच मुळात रीत मोडून केलेली गोष्ट. योगेंद्र बहिणीच्या काळजीने मानपान बाजूला ठेवून आला होता आणि त्याला एका चुकलेल्या आकड्याने दारातून परत पाठवलं होतं. तो आता पुन्हा कशाला येईल? आणि भाऊ न्यायला आला नाही तर बाई माहेरी जाणार कशी? सासरच्यांनी आपण होऊन सुनेला माहेरी नेऊन सोडलं तर त्याचा अर्थ गावात एकच होतो, टाकून दिली. बाळाला वाढायला उरले होते सात-आठ आठवडे. त्यातला एक दिवस मेघाने आधीच खाल्ला होता.

"बस कितीला आहे?" तिने हर्षिताला विचारलं. हर्षिताने पानं तिच्या पिशवीत कोंबली आणि तिला स्टँडवर सोडायला स्कूटी काढली.

एरंडोलपर्यंत मेघा मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होती. एरंडोल सोडलं आणि पुन्हा तो एकशे बारा डोळ्यांपुढे आला आणि अंगात वीज भरल्यासारखं झालं. अजून वेळ गेलेली नाही. घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. पुढच्या खोलीत छातीएवढा कापूस रचलेला, आणि त्याच्याशेजारी झुंबरबाई नुकतीच शेतातून येऊन पाय पसरून बसलेली. नवरा गेल्यापासून अकरा एकरांचा कारभार तिच्याच हातात होता आणि तो तिने कधी कोणाला विचारून केला नव्हता.

"आज कशी काय ऊनी?" तिने विचारलं. "सुटी शे का?"

"माय, मनी चूक व्हयनी. ते छप्पन्न खोटं शे."

झुंबरबाईचा चेहरा लगेच बदलला. मेघाने पिशवीतून पानं काढली, चार खाने दाखवले, बोट ठेवून ठेवून आकडे वाचले. झुंबरबाई ऐकत होती, पण ऐकून घेणं आणि पटणं यांत बरंच अंतर असतं. आधी पोरगी म्हणाली माहेर वाईट, आता म्हणते माहेर चांगलं, आणि कागद तोच. कोणाचाही विश्वास उडेल. मेघाने पानं बाजूला ठेवली.

"माय, मांगला साल वनाभाऊनी ते नवं बियानं खोटं म्हनं, तवय तू त्यासले काय बोलनी व्हती?"

"बोलसूच ना," झुंबरबाई उसळली. गावातल्या वनाभाऊंशी झालेल्या त्या भांडणाची आठवण तिला अजून ताजी होती. "बियानं पेरं कोरडवाहूमा, आनि बराबरी करस मना बागायतना कापूससंगे. कोरडवाहूले कोरडवाहूसंगे लाव, बागायतले बागायतसंगे लाव, मंग बियानाले नाव ठेव. जमीननं खापर बियानावर…"

ती बोलता बोलता थांबली. तिने मेघाकडे पाहिलं, मग त्या पानांवरच्या चार खान्यांकडे पाहिलं.

"पहिलं बाळ म्हनजे कोरडवाहू," ती सावकाश म्हणाली.

"हा, माय."

"आनि तू पहिलाले दुसरासंगे मोजं."

"हा."

"म्हनजे इतली शिकीसन तू बी वनासारखीच निंघनी."

मेघाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं फी भरून जे तिला आज सकाळी कळलं, ते आईने कापसाच्या ढिगाशेजारी बसून पाच मिनिटांत धरलं होतं. तिला आईचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

"मंग आते कितलं?" झुंबरबाईने विचारलं.

"माहेरले एकशे बारा जास्ती. पन पक्कं नही, माय. एकोणतीस बी ऱ्हाई शकस, एकशे पंच्याण्णव बी. आनि माहेरमुळेच व्हस, असं बी मी छाती ठोकीसन सांगू शकत नही."

"म्हनजे घाटा नही."

"घाटा नही."

झुंबरबाईने पदराने तोंड पुसलं. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दिपमाला उभी होती, तिचा हात कमरेवर होता. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती काही मागत नव्हती. मेघाला तेच सहन होईना.

मेघाचा भाऊ भूषण शेतातून आल्यावर त्याने मेहुण्याला फोन लावला. योगेंद्र नीट बोलला, उगाच आवाज चढवला नाही, पण म्हणाला, आता तुमच्याकडचं तुम्हीच बघा. भूषणने फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. गल्लीत तर रविवारपासून सगळ्यांना छप्पन्न ग्रॅम पाठ झाले होते. झुंबरबाईने ते दारोदार सांगितलं होतं, आता ते दारोदार परत घ्यायचं होतं. मेघाने ठरवलंच होतं, आई नाही म्हणाली तर आपण स्वतः वहिनीला घेऊन जायचं, मग कोणी काही म्हणो.

"सकाळे मी लई जास तिले," झुंबरबाई म्हणाली.

भूषण चरकला. "माय, लोके काय म्हनतीन? सासू वहूले माहेरले टाकी ऊनी."

"म्हनू दे. माले तोंड शे."

सकाळी वनाभाऊंचीच गाडी मिळाली. त्यांना कशासाठी जायचं ते सांगावं लागलं, आणि बियाण्याचा दाखलाही मेघाने सांगितला, तेव्हा ते पारोळ्यापासून मुकटीपर्यंत हसत होते. झुंबरबाई पुढे बसली होती आणि सरळ रस्त्याकडे बघत होती. मागे दिपमाला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची तीन वर्षांची लेक पुनम, आणि मेघा.

धुळ्याला देवपुरात गाडी दारात थांबली तेव्हा ओट्यावर शेजारच्या दोघी-तिघी मेथी निवडत बसल्या होत्या. दिपमालाची आई कौतिकबाई बाहेर आली. तिने आधी लेक पाहिली, मग तिची पिशवी पाहिली, मग विहिणीला पाहिलं, आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला. मेथीवरचे हात थांबले. योगेंद्र आतून आला आणि दारातच उभा राहिला.

झुंबरबाई गाडीतून उतरली. ती शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारणारी बाई, आणि आज तिने तोच आवाज लावला.

"इहीनबाई, मी वहूले टाकाले नही ऊनू, ठेवाले ऊनू. तुमना पोऱ्या न्याले ऊना, मी त्याले परत धाडं. ती मनी चूक. बाळनं वजन माहेरले वाढस, असं आमनी मेघानी काढेल शे. आते बाळतीन व्हई तवलोंग तुमनाकडे ऱ्हाऊ द्या. मंग मी स्वतः न्याले येसू."

मग कौतिकबाईने पुढे होऊन विहिणीचा हात धरला, आणि योगेंद्रने खाली मान घालून बहिणीच्या हातातली पिशवी घेतली. ओट्यावरच्या बायकांपैकी एकीने मेघाला विचारलं, कितलं वाढस? मेघाने सांगितलं. एकोणतीसपासून एकशे पंच्याण्णवपर्यंत सगळं सांगितलं, आणि ते सांगताना तिला हसू आवरेना.

जेवल्याशिवाय कौतिकबाई सोडणार नव्हती. ताटं वाढली. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तुपाची धार. दिपमाला भिंतीला टेकून आईशेजारी बसली होती, समोर झुंबरबाई आणि मेघा. दिपमालाने एक भाकरी संपवली. कौतिकबाईने न विचारता दुसरी तिच्या ताटात टाकली.

दिपमालाचा हात भाकरीवर गेला आणि तिथेच थांबला. तिने मान वर करून सासूकडे पाहिलं.

ते पाहणं भीतीचं नव्हतं, सवयीचं होतं. मेघाला एकदम सगळं आठवलं. सातवा लागल्यापासून आई वहिनीच्या ताटाकडे बघायची. बाळ मोठं झालं की पोट फाडावं लागतं, ही तिची धास्ती. तिच्या धाकट्या बहिणीचं तसं झालं होतं आणि ती सहा महिने अंथरुणातून उठली नव्हती. म्हणून दुसऱ्या भाकरीला आईची नजर जायची. कधी नको म्हणाली नाही, कधी हात धरला नाही, नुसती बघायची. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, मेघालासुद्धा.

झुंबरबाईनेही ती नजर पाहिली. तिचा घास हातातच राहिला. सुनेच्या ताटाकडे, मग सुनेच्या तोंडाकडे तिने पाहिलं, आणि मेघाला वाटलं की आई आता काहीतरी बोलणार. पण तिने अर्धं जेवलेलं ताट उचललं, पाण्याचा तांब्या घेतला आणि उठली.

"आठे उकडी ऱ्हायनं," ती म्हणाली. नोव्हेंबरचा महिना होता. "मी ओटावर बसस."

ती बाहेर गेली आणि घराकडे पाठ करून जेवायला बसली. आत दिपमालाने दुसरी भाकरी मोडली.